पातेल्याचा तळ

पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमधलं आमचं जेवणाचं टेबल मी जेवायला कमी आणि बडवायला जास्त वापरलं. ढोलाच्या सरावासाठी रबराचा पॅड मिळतो, तो माझ्याकडे होता. पण पॅडवर आवाज मेल्यासारखा येतो आणि टेबलाचं लाकूड कसं छान बोलायचं. खालच्या मजल्यावरच्या बाई आधी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या आणि तरी ऐकलं नाही की वर यायच्या. आई दार उघडायची, त्यांना आत बसवायची, चहा द्यायची, आणि त्या तक्रार विसरून डबाभर चिवडा घेऊन खाली जायच्या. "तुझ्या ढोलापायी आपलं चिवड्याचं बजेट वाढलंय," बाबा म्हणायचे. नागपूरहून आम्ही तिघं आलो तेव्हा मी सातवीत होते. इंग्रजी मला कळत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. बँडच्या तासाला बोलावं लागत नाही असं कळलं म्हणून मी बँड घेतला, आणि माझ्यासारख्या उंच, रुंद खांद्यांच्या मुलीला बँडमध्ये कुणी बासरी देत नाही, तिच्या पोटावर ढोल बांधतात. यापलीकडे त्यात काही दैवी संकेत वगैरे नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला देशपांडे काकूंनी आईला गाठलंच, "अगं वीणा, भरतनाट्यम सोडून पोरगी ढोल बडवते? उद्या लग्नाच्या वेळी काय सांगशील?" आई म्हणाली, "सांगीन, बँडवाल्याचे पैसे वाचले."

आई अशीच होती. बोलण्यात कुणाला हार जायची नाही आणि वाढण्यात तर नाहीच नाही. आमच्या घरी जेवायला आलेला माणूस 'नको' म्हणायचा तेव्हा ती ऐकायचीच नाही. 'पुरे' म्हणायचा तेव्हा निम्मं ऐकायची. ताटावर आडवा हात धरला की हाताच्या फटीतून वाढायची. तिचा एक नियम होता, तो तिच्या आईकडून आलेला. पातेल्याचा तळ जेवणाऱ्याला दिसू द्यायचा नाही. भात कितीही कमी असो, वाढून झालं की झाकण ठेवायचं. पाहुण्यांदेखत डाव पातेल्यात खरवडायचा नाही, त्याचा आवाज जरी बाहेर गेला तरी घराची अब्रू गेली. आणि स्वयंपाकघरात 'संपलं' हा शब्द काढायचा नाही. नागपुरात काही कमी पडलं तर मागच्या दारानं शेजारणीकडे वाटी जायची आणि भरून यायची, पुढच्या खोलीत बसलेल्या माणसांना पत्ताही लागायचा नाही. बाईनं झाकायचं, शेजारणीनं भरायचं, आणि पंगत उठायची तृप्त होऊन. माझ्या लहानपणी मला हे जादूसारखं वाटायचं. आज मी कॅरी शहरात राहते, माझ्या स्वयंपाकघराला दोन फ्रीज आहेत, आणि तरीही पाहुणे आले की नकळत माझा हात झाकणाकडे जातो.

ड्रम कोअर म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगताना आजही माझी पंचाईत होते. शाळेचा बँड तो नव्हे. पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडे नाचवणारी मुलं, साधारण सोळापासून एकविशीपर्यंतची, शंभराच्या वर. उन्हाळाभर बसमधून गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर जेमतेम बारा मिनिटांचा एक कार्यक्रम करायचा. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव, पुन्हा तेच. याचे मुलांना पैसे मिळत नाहीत. उलट मुलांनीच फी भरायची. हे ऐकल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे काम आपण करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे? अशी नोकरी मलाही बघ कुठे असली तर." बाबा सॉफ्टवेअरमध्ये होते, एका कंपनीमार्फत दुसऱ्या कंपनीचं काम करायचे, आणि आमचा व्हिसा त्या कामाला बांधलेला होता. फी ऐकून त्यांचा चेहरा पडला हे मला दिसलं, पण मी सतरा वर्षांची होते आणि मला दुसरं काहीच नको होतं.

तोडगा आईनं काढला. आमच्या कोअरचं आवार पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीजवळच्या एका गावात, बंद पडलेल्या गिरणीच्या पार्किंग लॉटमध्ये होतं. तिथे मला हिवाळ्यातल्या सरावाला सोडायला ती यायची आणि गाडीत बसून राहायचा कंटाळा आला की स्वयंपाकाच्या ट्रकपाशी जाऊन उभी राहायची. हा ट्रक म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर. दौऱ्यावर रोजची चारही जेवणं त्यातच व्हायची. तिथल्या मुख्य लिंडा, साठीच्या, गुडघ्याला पट्टा बांधून दिवसभर उभ्या. ज्यांच्या घरचं माणूस उन्हाळाभर स्वयंपाकाला येईल त्या मुलाची फी बरीच कमी होते, हे आईला त्यांच्याकडूनच कळलं. घरी येऊन तिनं जाहीर केलं, "मी जाते हिच्यासंगं. पोरगी एकटी गावोगाव हिंडणार नाही, आणि फीचंही भागेल. अहो, तुम्ही राहाल ना एकटे?" बाबा म्हणाले, "राहीन की. मला वरणभात येतो." त्यांना वरणभात खरंच यायचा, फक्त वरण आणि भात एकाच वेळी तयार व्हायचे नाहीत.

त्या उन्हाळ्याचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. सकाळी जिमच्या फरशीवर एकाच वेळी उघडणाऱ्या शंभर झोपण्याच्या पिशव्यांच्या चेन. मैदानावर ताल धरून देणाऱ्या मेट्रोनोमची टकटक. ट्रकच्या जनरेटरची घरघर, आणि तिच्यावर चढलेला आईचा आवाज, "कम, कम, टेक, टेक!" मी तिला आई म्हणायचे म्हणून आठवड्याभरात अख्खा कोअर तिला आई म्हणायला लागला. ट्रम्पेटवाली सहा फुटी पोरं ताट पुढे करून म्हणायची, "आई, मोअर?" आणि लिंडा मागून ओरडायच्या, "वन स्कूप, वीणा! वन स्कूप!" लिंडांच्या हिशेबात माणशी एक डाव होता. आईच्या डावाला मात्र एक शेपूट असायचं. एक डाव झाला की ती डाव परत बुडवून त्याच्या टोकानं आणखी थोडं टाकायची आणि लिंडांकडे न बघता पुढच्या पोराकडे वळायची. दोघी दिवसातून दोनदा भांडायच्या आणि संध्याकाळी भांडी घासताना एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. एक गोष्ट मात्र राहून गेली होती. आम्ही मैदानावर उतरायचो तेव्हा या दोघी ट्रकमध्ये भांडी घासत असायच्या, किंवा पुढच्या गावाच्या वाटेला लागलेल्या असायच्या. ज्या कार्यक्रमासाठी आई उन्हाळाभर राबत होती तो तिनं एकदाही पुरता पाहिला नव्हता.

आमच्या ढोलांचंही सांगायला हवं. मोठे ढोल पाच, लहानापासून थोरापर्यंत, प्रत्येकाचा स्वर वेगळा. एकच ओळ आम्हा पाचजणांत तोडून वाटलेली असायची, एक ठोका तुझा, पुढचा माझा, त्यापुढचा तिसऱ्याचा, इतक्या वेगानं की ऐकणाऱ्याला एकच माणूस वाजवतोय असं वाटावं. एकट्याच्या ठोक्यांना काहीच अर्थ नसतो. मी दुसरी होते. पाचवा, सगळ्यांत मोठा ढोल मार्कसचा. मार्कस बाल्टिमोरचा, एकवीस वर्षांचा, म्हणजे वयाच्या अटीनं त्याचा हा शेवटचा उन्हाळा. हिवाळाभर तो गोदामात रात्रपाळी करून फी भरत आला होता आणि तरी त्याची थोडी बाकी होतीच. आमचे संचालक रे यांनी ती कधी मागितली नाही. रे शाळेत संगीत शिकवायचे, मोठं पोट, उन्हानं लाल झालेली मान, आणि कुठल्याही मुलाला पैशापायी घरी पाठवायचं नाही हा त्यांचा हट्ट. दौऱ्याचा शेवट इंडियानातल्या एका मोठ्या स्टेडियमवर, अंतिम स्पर्धेनं व्हायचा होता. तिथे एकदा वाजवायचं आणि मग मोकळं व्हायचं, हे मार्कस रोज एकदा तरी बोलून दाखवायचा. मलाही त्याच्यासाठी तेच हवं होतं, माझ्या स्वतःसाठी हवं होतं त्याहून जास्त.

पैसे आटत चालल्याचं कुणी सांगितलं नाही, ते ताटात दिसायला लागलं. आधी फळं गेली. मग सकाळची अंडी एक दिवसाआड झाली. युनिफॉर्म धुलाईला जाणं बंद झालं. त्यांच्यावर स्वस्तातल्या व्होडकात पाणी घालून फवारा मारायचे, त्यानं वास मरतो, आणि आम्ही सगळी शहाणी मुलं गुत्त्यातून उठून आल्यासारखी मैदानावर उभी राहायचो. एका बसचा एसी बिघडला तो तसाच राहिला. मग ती बसच परत गेली आणि आम्ही उरलेल्या बसमध्ये मांडीला मांडी लावून बसलो. विचारलं की रे म्हणायचे, "ऑल गुड, ऑल गुड. तुम्ही वाजवा." आई सांगायची, "तू वाजव बाई, खाण्यापिण्याचं आम्ही बघून राहिलो." आणि फोनवर बाबासुद्धा म्हणायचे, "इकडे सगळं ठीक आहे. तू वाजव." त्या उन्हाळ्यात मला सगळी मोठी माणसं एकच वाक्य सांगत होती. आता वाटतं, तीन वेगवेगळ्या माणसांनी नेमकं तेच वाक्य म्हणावं यातच काय ते कळायला हवं होतं.

मधल्या काळात आई एक उद्योग करत होती, तो मला फार उशिरा समजला. ताटं आटायला लागली तशी ती ट्रकच्या ड्रायव्हरला पटवून गावातल्या दुकानात जायची आणि घरच्या क्रेडिट कार्डावर तांदळाची पोती, कांदे, बटाटे, डाळी घेऊन यायची. पोरांना तिच्या फोडणीच्या भाताची चटक लागली ती तेव्हाच. एके दिवशी तालमीच्या सुट्टीत मी ट्रकपाशी गेले तर ती फोन स्पीकरवर ठेवून बाबांशी बोलत होती. बाबा तिला म्हणाले, "कार्ड जरा जपून वापर, वीणा." एवढंच, तेही हळूच. मी फोन घेतला तर बाबांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "बाबा, भात जास्त शिजवू नका." ते हसले. फोन ठेवल्यावर आई थोडा वेळ पुसलेलीच कढई पुसत राहिली. "कामाच्या दिवशी, भरदुपारी, हा माणूस घरी काय करून राहिला?" ती म्हणाली, आणि मग स्वतःच उत्तर दिलं, "असेल सुट्टी." पण कार्ड तिनं पर्समध्ये तळाशी टाकलं आणि पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर दोनतीन दिवसांतच लिंडांच्या नवऱ्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि त्या घरी गेल्या. तेव्हा आम्ही ओहायोतल्या एका लहान गावातल्या शाळेत मुक्कामाला होतो. निघताना त्यांनी आईला ट्रकची कपाटं उघडून दाखवली. हे आज, हे उद्या, हे शनिवारी, हे रविवार दुपारपर्यंत; रविवारी संध्याकाळी आपण इंडियानात, तिथे कोअरमधल्या जुन्या मुलांची कुटुंबं शिधा घेऊन येणार आहेत. "एकच डाव, वीणा. प्लीज." आईनं मान हलवली. तिनं मनापासून हलवली होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवसांत ऊन असं होतं की मैदानावरचं गवत करपून गेलं होतं, आणि शेवटच्या स्पर्धेआधीच्या तालमी दुप्पट चालल्या होत्या. पोरं रांगेत ट्रकला टेकून उभी राहायची आणि ताट पुढे करायची. मार्कसच्या खांद्यांवर ढोलाच्या पट्ट्यानं सालटं निघालेली होती. त्याच्या ताटात एक डाव टाकायचा आणि 'नेक्स्ट' म्हणायचं, हे माझ्या आईच्यानं व्हायचं नव्हतं. तिनं वाढलं. नंतर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत वाढलं, परत झाकण ठेवलं. रे येऊन विचारून गेले, "पुरेल ना?" तर ती म्हणाली, "येस, येस, प्लेंटी." नागपूरच्या स्वयंपाकघरात हे उत्तर बरोबर ठरलं असतं. तिथे मागचं दार होतं.

शनिवारी सकाळी तिनं उरलेला सगळा तांदूळ शिजवला आणि नाश्त्यालाच तो गेला. दुपारची तालीम ऐन रंगात होती. आम्ही शेवटचा तुकडा बसवत होतो, पाच ढोलांवरून ओळ वरून खाली धावत जाते आणि मार्कसच्या ठोक्यावर सगळं थांबतं तो. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं आई येताना दिसली. अंगात एप्रन, हातात डाव. तालीम चालू असताना मैदान कुणी ओलांडत नाही, खुद्द रेसुद्धा कडेनं वळसा घालून जायचे. ती सरळ मधून आली. झेंडेवाल्या मुली बाजूला झाल्या, ट्रम्पेटं एकेक करून गप्प झाली, मेट्रोनोम तेवढा टकटकत राहिला, मग तोही कुणीतरी बंद केला. मला वाटलं बाबांचं काहीतरी झालं. आई मैदानाच्या मध्यावर उभी राहिली आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोठ्यानं म्हणाली, "फूड इज फिनिश्ड. लंच, डिनर, टुमॉरो, ऑल फिनिश्ड. आय गेव्ह. आय डिड नॉट टेल. सॉरी."

मला तिची लाज वाटली नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण त्या वयात मला तिच्या प्रत्येक गोष्टीची लाज वाटायची. डब्याच्या वासाची, उच्चारांची, साडीवर घातलेल्या बुटांची. त्या क्षणी मात्र मला फक्त तिची दया आली, आणि ढोल पोटावर असल्यामुळे मला तिच्याजवळ जाता येईना. रे कडेच्या पाण्याच्या पिंपापाशी होते. ते तिच्याकडे चालत आले. "वीणा, मला आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं, रागानं नाही. आई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "सांग त्यांना, मला वाटलं रात्रीतून काहीतरी होईल." मी ते इंग्रजीत सांगितलं. रे तिथेच गवतावर बसले, एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा पाय पसरून. ते म्हणाले, "दौरा निघाल्यापासून मलाही रोज तेच वाटतंय."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल बसवलं आणि सगळं सांगितलं. कुठल्या महिन्यात कुणाचं देणं थकलं, ते फेडायला कुणाकडून उचललं, बसवाले आता आगाऊ पैसे दिल्याशिवाय बस हलवायला तयार नाहीत, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे सोडून त्यांच्याजवळ काहीच उरलेलं नाही. त्या पैशांत इंडियानाला जाता येईल, पण उपाशी, आणि परत यायचं कसं ते माहीत नाही. किंवा आज सगळ्यांना जेवू घालता येईल आणि उद्या बस घराकडे वळवता येईल. दोन्ही होणार नाही. "मी तुम्हाला उपाशी वाजवायला लावणार नाही," ते म्हणाले. "आपण घरी जातोय." काही मुली रडायला लागल्या. ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा एक मुलगा उठून जोरात म्हणाला की आम्ही उपाशी वाजवू, आणि बऱ्याच जणांनी त्याला साथ दिली. रे नुसते नकारार्थी मान हलवत राहिले. मी मार्कसकडे पाहिलं. तो ढोलाच्या कातड्यावर बोटानं काहीतरी गिरवत होता.

आईमुळे दौरा संपला का? नाही. ती लिंडांच्या हिशेबानं एकेक डाव वाढत राहिली असती तर आम्ही इंडियानाला पोचून तिथे अडकलो असतो, हे रेंनी स्वतः तिला सांगितलं, दोनदा सांगितलं. तिला ते कधीच पटलं नाही. त्या हिवाळ्यात कोअर कायमचा बंद झाला, तेही तिनं स्वतःच्याच खात्यावर टाकलं. पुढे आयुष्यभर कुठेही बँड वाजताना दिसला की ती म्हणायची, "यांनी जेवण केलं असेल ना?"

संध्याकाळी, पिझ्झाचे खोके रिकामे झाल्यावर, आम्ही कुणी न सांगता मैदानावर जाऊन उभे राहिलो. युनिफॉर्म नव्हते, हाफ पँट आणि घामट टीशर्ट. प्रेक्षक म्हणजे रे, दोन बस ड्रायव्हर, शाळेचा राखणदार आणि आई. भांडी नव्हतीच घासायला, त्यामुळे ती पहिल्यांदा आणि शेवटची स्टँडमध्ये बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, नाटकाला आल्यासारखी. आम्ही अख्खा कार्यक्रम वाजवला. चांगला वाजला की नाही ते मला सांगता येणार नाही. माझ्या वाट्याचे ठोके मी दिले, एवढं माहीत आहे. शेवटचा तुकडा आला, ओळ पहिल्या ढोलावरून माझ्यावर, माझ्यावरून तिसऱ्यावर, चौथ्यावर अशी धावत गेली, आणि मार्कसनं त्याचा शेवटचा ठोका इतका हळू दिला की मला तो पायांतून कळला.

ज्यांचं शेवटचं वर्ष असतं त्यांनी शेवटच्या कार्यक्रमानंतर बूट काढून मैदानावरच ठेवायचे आणि अनवाणी बाहेर पडायचं, अशी आमच्या कोअरची रीत होती. मार्कसनं ढोल उतरवला, बूट काढले. त्या बुटांना सगळीकडे चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. तो स्टँडकडे बघायला न थांबता चालू लागला. तोच आई पायऱ्या उतरून धावत आली, बूट उचलले आणि त्याच्या मागे, "मार्कस! शूज! यू फरगॉट!" मी तिला गाठलं आणि हळूच सांगितलं, आई, ही रीत आहे. ते बूट आता त्याला नकोत. तो आता कधीच वाजवणार नाही. ती बूट हातात घेऊन उभी राहिली. "कधीच नाही?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती परत मैदानात गेली, जिथून उचलले होते तिथेच बूट ठेवले, दाराबाहेर पाहुण्यांचे ठेवतात तसे नीट जोडीनं, नाड्या आत खोचून. परत येताना ती रडत होती आणि मीही. मार्कस बसच्या पायरीवर अनवाणी बसला होता. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मराठीत म्हणाली, "चुकलं बाबा माझं." त्याला शब्द कळले नसतील. त्यानं तिचा हात धरून ठेवला.

आम्ही पिस्कॅटवेला पोचलो तो वार कामाचा होता, दुपारची वेळ. बाबांना आम्ही येतोय हे सांगितलं नव्हतं, ऑफिसातून आल्यावर बघतील असं आईला वाटलं. दार उघडलं तर ते सोफ्यावर होते, दाढी वाढलेली, अंगात बनियन, टीव्ही आवाज बंद करून लावलेला. ते गडबडीनं उठले. "अरे! या, या. मी जरा आज घरूनच काम..." ते बोलायचे थांबले. घरात कुठेही ऑफिसचा लॅपटॉप नव्हता. आई चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली. मला डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले, एक, मग दुसरं, मग फ्रीजचं दार. ती बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "अहो, नोकरी?" तिनं विचारलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ते म्हणतील, सगळं ठीक आहे, तू वाजव. त्यांचं तोंड तसं उघडलंही. मग ते आईकडे वळले आणि म्हणाले, "संपली. जून संपला तेव्हाच." आणि माझे बाबा, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सोफ्यावर बसून हुंदके द्यायला लागले. आई त्यांच्या शेजारी बसली. ती नुसती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं, असं नाही विचारणार मी. मला माहीत आहे का नाही सांगितलं." पुढे नोकरी मिळाली, कॅरीत मिळाली, व्हिसाची मुदत अगदी टोकाला आली असताना, पण त्या दुपारी हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि नागपूरची तिकिटं काढावी लागणार असंच आम्ही तिघं धरून चाललो होतो.

आईनं उठून घरात होता तेवढा तांदूळ धुतला. वरणभात झाला, वरण पातळ. आम्ही त्याच टेबलाला बसलो, जे मी इतकी वर्षं बडवलं होतं. तिनं आधी माझ्या ताटात वाढलं, मग बाबांच्या, मग आपल्या. झाकण तिच्या हाताशी होतं. तिनं ते उचललं, थोडा वेळ धरलं आणि ओट्यावर परत ठेवून दिलं. मग पातेलं तिरकं करून आम्हा दोघांसमोर धरलं, तळाला चिकटलेली शितं आम्हाला दिसतील असं, आणि डाव घेऊन ते खरवडायला लागली, मोठ्यानं, खर्र खर्र, अख्ख्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.